घरचे वाण

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, जेलची खोली होती. खोली कसली, बोळच म्हणावा. एका बाजूला दगडी ओटा, ओट्यावर काचेच्या उभ्या टाक्या, त्यांतून निघालेल्या लाल-काळ्या वायरी, कोपऱ्यात बर्फाचे यंत्र आणि खिडकीखाली दुधी काचेची प्रकाशपेटी. बर्फाचे यंत्र मधूनच म्हाताऱ्यासारखे खोकत असे आणि मग ओंजळभर बर्फ आत पडे. थोरली या खोलीत इतकी वर्षे काम करीत होती की ते खोकले म्हणजे तिचे लक्ष जात नसे. खोकले नाही तर मात्र जाई.

थोरली हे तिचे घरातले नाव. संस्थेत तिला बाई म्हणत. संस्था क्षयाची लस बनवीत असे, आणि लशीच्या जंतूची प्रथिने वेगळी करून दाखवणे हे बाईंचे काम. जंतू ज्या पोषकद्रवात वाढला त्या द्रवाचा थेंब जेलच्या पातळ पापुद्र्यात सोडायचा आणि वीज लावायची. एकेक प्रथिन आपापल्या विद्युतभाराप्रमाणे आणि वजनाप्रमाणे सरकत जाऊन आपल्या जागी थांबते. पापुद्रा चांदीच्या रसायनात बुडवला की त्या त्या जागी तपकिरी ठिपका उमटतो. नवख्या माणसाला तो माश्या बसलेला कागद वाटे. थोरलीला त्यात ओळखीची आळी दिसे: कोण कुठे राहतो, कोण घर सोडून गेला, कोण नवीन आला.

जगातली ही लस एकाच जंतूच्या वंशातली. एक आई, आणि तिच्या लेकी देशोदेशी दिलेल्या. प्रत्येक घरी नवे पोषण, नवे हात, आणि ठरावीक दिवसांनी जुन्या फ्लास्कमधून नव्या फ्लास्कमध्ये पाठवणी. अशा पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि लेकी माहेरचे एकेक विसरत गेल्या. कुणी हे प्रथिन करणे सोडले, कुणी ते. नाव एकच राहिले, वाण वेगळे झाले. काही वाण सौम्य, काही जरा तिखट. संस्थेकडे स्वतःचे एक वाण होते. ते सौम्य होते, आणि त्याची एक खूण होती. जेलच्या उजव्या अंगाला, खाली, शेजारीपाजारी कोणी नसलेला एक ठसठशीत ठिपका. बाहेरून मिळणाऱ्या बहुतेक वाणांत तो नसे. खोलीत त्याला तीळ म्हणत. हरवलेले मूल सापडले तर आई अंगावरचा तीळ पाहून ओळखते, तसे घरचे वाण त्या तिळावरून ओळखायचे.

थोरलीची धाकटी बहीण परिचारिका होती. सरकारी दवाखान्यात तान्ह्या मुलांना हीच लस टोचण्याचे तिचे काम. या लशीची सुई कातडीच्या अगदी वरच्या थरात, आडवी घालावी लागते. जमली तर दंडावर पांढरी, संत्र्याच्या सालीसारखी फोड उठते. खोल गेली तर मुलाला पुढे त्रास होतो. धाकटीच्या हातून फोड उठली नाही असे कधी घडले नव्हते.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिने टोचलेल्या मुलांच्या काखेत गाठी आल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या, काही फुटल्या. आया मुलांना घेऊन दवाखान्यात आल्या, पाठोपाठ बाप आले, आणि त्यांच्या पाठोपाठ संस्थेचे संचालक आले. कडक घडीच्या शर्टामुळे त्यांना पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणत. इस्त्रीसाहेबांनी चार मुलांचे दंड पाहिले, मान हलवली आणि सांगून टाकले की लस निर्दोष आहे, सुई खोल गेली आहे. धाकटीला त्याच दिवशी घरी बसवले. चौकशी समिती नेमली गेली. दोष सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच होती, वर खटलाही उभा राहणार होता.

धाकटी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती, तिथे थोरलीने तिला गाठले.

"तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू ताई? बाळाची आई समोर उभी होती. गाठ मी स्वतः हाताने चाचपली. मला वाटलं, असेलही माझंच चुकलं."

"असेलही? अगं, इतक्या मुलांना टोचलंस, कधी एक फोड वाकडी उठली नाही, आणि असेलही?"

"ओरडू नकोस ना. तू ओरडलीस की शेजारचे खिडक्या लावून घेतात."

"लावू देत. त्यांच्या घरात उकडेल, मला काय!"

धाकटीला हसू आले, मग रडू आले. तिला राग येत नसे, हे घराचे जुने दुखणे. वडील म्हणत, रागाची वाटणी करताना आमच्याकडे गफलत झाली. सगळा थोरलीला गेला आणि धाकटीला चाखायलाही उरला नाही.

थोरलीच्या रागाला कारण होते. आदल्या वर्षी संस्थेतले मोठे शीतकपाट कुरकुरू लागले होते. त्यात घरच्या वाणाचे सगळे बियाणे, काचेच्या कुप्यांत गोठवलेले. तिने साहेबांना सांगितले, पोषकद्रव शिजवणाऱ्या बटाटेकाकांनीही सांगितले. (हा जीव पूर्वी बटाट्याच्या कापांवर वाढवत, काकांनी तरुणपणी ते काप केले होते, म्हणून हे नाव.) साहेब दोघांनाही "बघू" म्हणाले. मग लागून सुट्ट्या आल्या, आणि सुट्ट्यांनंतर दार उघडले तेव्हा आतून कोमट हवा आली. साहेबांनी उभे राहून सगळ्या कुप्या वाफेच्या भट्टीत घालायला लावल्या. सगळ्यांना सांगितले की काळजी नको, जादा बियाणे बाहेरगावी सुरक्षित आहे. थोड्याच दिवसांत खोकी आली, त्यांवर जुनेच नाव होते. थोरलीने जेल करू म्हटले तर उत्तर मिळाले, "प्रमाणित बियाणं आहे मॅडम. प्रत्येक ठिकाणी नाक खुपसलंच पाहिजे का?"

तेव्हा ती गप्प बसली होती. आता मात्र तिने धाकटीच्या दवाखान्यातून, गाठी आलेल्या मुलांना टोचलेल्या त्याच लॉटची एक कुपी आणवली, आणि आतली पूड पोषकद्रवात सोडून वाढवायला ठेवली. हा जीव आळशी. सायीसारखी सुरकुतलेली पापडी द्रवावर धरायला त्याला आठवडे लागतात. थोरली रोज सकाळी इन्क्युबेटरचे दार उघडून पाही आणि बंद करी. पापडी धरली. तिने जेल लावली, रसायनात बुडवली, प्रकाशपेटीवर पसरली.

तीळ नव्हता.

"काका, इकडे या. उजवीकडे खाली काय दिसतं?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लावले. "काही नाही."

"बरोबर. काही नाही."

"म्हणजे बाई, हे आपलं नव्हेच?"

"आपलं नव्हेच. हे बाहेरचं तिखट वाण आहे. कपाळावर आपलं नाव लावून घरात घेतलंय."

पापुद्रा वाळवून ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तो उजेडाकडे धरला, उलटा धरला, पुन्हा सुलटा धरला.

"यात काय दिसतंय म्हणता?"

"जे दिसायला पाहिजे ते दिसत नाही."

"वा! म्हणजे तुम्ही मला न दिसणारी गोष्ट दाखवायला आणलीत." साहेबांनी पापुद्रा टेबलावर ठेवला. "एखादा ठिपका आला नाही, म्हणजे तुमची जेल बिघडली. शिवाय तुलना कशाशी करणार? जुन्या वाळक्या जेली चालत नाहीत. घरच्या वाणाची जेल शेजारी ठेवा, मग बोलू."

"घरचं वाण तुम्ही भट्टीत घातलंत, साहेब."

"मग मिटलं." ते हसले. "बहिणीसाठी जीव तुटतो, समजू शकतो. पण मॅडम, ही प्रयोगशाळा आहे, माहेर नाही."

थोरली खोलीबाहेर पडली. जिना उतरताना कठड्याची लोखंडी पट्टी तिने इतकी घट्ट धरली होती की खाली आल्यावर तळव्यावर तिचा वळ उठलेला होता. खोलीत येऊन तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि समितीला नाकारता येऊ नये म्हणून त्याच द्रवाची दुसरी जेल लावली.

दुसऱ्या जेलमध्ये तीळ आला.

अगदी फिकट, धुतलेल्या कापडावर चहाचा डाग राहावा तसा. पण जागा तीच. उजवे अंग, खाली, एकटा. तिने पहिला पापुद्रा त्यावर ठेवून पाहिला. बाकीचे ठिपके एकावर एक चपखल बसले, आणि पहिल्याच्या कोऱ्या जागेतून दुसऱ्याचा तीळ वर पाहू लागला.

तिने तिसरी जेल लावली. तीळ अधिक गडद आला.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. साहेब स्वतः खाली आले, तिळावर बोट ठेवून म्हणाले, "हा काय? आला की तुमचा तीळ. म्हणजे वाण घरचंच, लस निर्दोष. ही जेल समितीपुढे मीच ठेवतो." दारातून वळून ते म्हणाले, "आभार मानायला हवेत तुमचे."

थोरलीच्या कानशिलात रक्त ठोकत होते. पण ती तंत्रनिकेतनात शिकलेली बाई. राग आला की वजाबाकी करायची, हे तिने स्वतःला शिकवले होते. जो घटक काढून टाकल्यावर दोष जातो, तो घटक दोषी. चांदीच्या रसायनाला माणसाच्या कातडीचा कणही पुरतो, हे तिला ठाऊक होते. केस गळला, मोज्याला भोक असले, कुणी जेलवर वाकून शिंकले, तर जेलवर ओरखडा उमटतो. पण तो वरच्या भागात, लांब आणि मळकट असतो. असा नेटका, गोल, ठरल्या पत्त्यावर नसतो.

तिने नवी रसायने फोडली. नव्या काचा आणल्या. जंतू वाढलेला द्रव घातलाच नाही, नुसता कोरा पोषकद्रव घातला. तीळ आला. पोषकद्रवही काढला, शुद्ध पाणी घातले. संपूर्ण कोऱ्या, पारदर्शक पापुद्र्यावर तो एकटा उमटला. आळीतली सगळी घरे पाडली आहेत आणि एकच माणूस आपल्या जागेवर उभा आहे, तसा.

"बाई," काका हलक्या आवाजात म्हणाले, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. पण पाण्याला कुणाचा गुण लागला?"

"थट्टा नको, काका."

"थट्टा नाही करत. भीती वाटली की माझं तोंड असं चालतं."

फ्रीजच्या तळाशी एक जुनी कुपी होती. तीत त्या एकाच प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे होती. दुसऱ्या कशालाही ती शिवत नसत. थोरलीने ती पाण्याच्या जेलवर लावली. ठिपका उजळला. तेव्हा तो डाग नव्हता, ओरखडा नव्हता. ते तेच प्रथिन होते, आणि ते करणारा जंतू वर्षापूर्वी वाफेत शिजून गेला होता.

वजाबाकी करता करता एकच घटक उरला. तिने काकांना मोजे चढवायला लावले आणि पाण्याची जेल त्यांच्याकडून लावून घेतली. पापुद्रा स्वच्छ, काचेसारखा. मग तिने स्वतःच्या उजव्या हाताची बोटे शुद्ध पाण्याने धुतली आणि ते धुवण काकांना लावायला दिले.

तीळ आला, काळा कुळकुळीत.

डाव्या हाताचे धुवण, तेच. साबणाने, स्पिरिटने, कातडी लाल होईपर्यंत घासलेल्या हाताचे धुवण, तेच. संध्याकाळी घरी जाऊन तिने धाकटीला एका वाटीत बोटे बुडवायला सांगितली.

"हे कशाला?"

"बुडव म्हणते ना."

दोघी एकाच घरात वाढलेल्या, एकाच दवाखान्यात, एकाच घरच्या वाणाने टोचलेल्या. धाकटीच्या हातून काही आले नाही. काकांच्याही आले नाही. जे येत होते ते थोरलीकडूनच येत होते, आणि का ते कोणत्याही वजाबाकीत बसत नव्हते.

समितीची तारीख जवळ आली होती. आपण न बोललो तर बहीण जाते, बोललो तर आपल्याला वेड्यात काढतील, आणि ते ठिपक्याचे कागद घेऊन साहेब शांतपणे शर्टाची बाही नीट करतील, हे तिला लख्ख दिसत होते. त्या दुपारी ती ओट्यापाशी उभी राहिली. समोर काकांनी नुकताच थंड केलेला पोषकद्रवाचा फ्लास्क होता, रुंद तोंडाचा, आत काही न पेरलेला. साहेबांचे शब्द तिला आठवले: घरच्या वाणाची जेल शेजारी ठेवा, मग बोलू.

"घे मग," ती मोठ्याने म्हणाली, आणि बोटे आत घातली.

काकांनी कापसाचा बोळा लावून फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवला.

ज्या जिवाला आठवडे लागतात, त्याची पापडी दुसऱ्या दिवशी सकाळी काठोकाठ धरलेली होती. जाड, पिवळसर, सुरकुतलेली. काकांनी बोळा काढला. खोलीत पिकल्या फळासारखा गोडसर वास पसरला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आले. "हाच तो बाई. बाहेरच्या वाणाला हा वास नाही. हा कुठून आला?"

थोरलीने हात कोटाच्या खिशात घातले. "तुम्ही जेलची तयारी करा."

समितीत तिघे होते. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. स्वतःचे मोजे पिशवीतून घेऊन आल्या होत्या. साहेबांनी तीळ असलेल्या जेली मांडल्या. मांडून झाल्यावर थोरली उभी राहिली.

"या जेली माझ्या हातच्या आहेत, आणि त्या बिघडलेल्या आहेत. तीळ लॉटमधला नाही, माझ्या हातातून आलेला आहे. शुद्ध पाण्यातही येतो. करून दाखवते."

साहेब हसले. "घ्या. आता स्वतःच सांगतात."

"म्हणून माझी विनंती आहे की जेल अध्यक्षबाईंनी स्वतः लावावी. मी भिंतीपाशी उभी राहीन, कशालाही हात लावणार नाही. तीन जेली: लॉटची, कोऱ्या पाण्याची, आणि या फ्लास्कमधल्या घरच्या वाणाची."

अध्यक्षबाईंनी मोजे चढवले.

त्या दिवशी जेली लागल्या, दुसऱ्या दिवशी रसायनात बुडाल्या. थोरली भिंतीपाशी उभी होती. बर्फाचे यंत्र खोकले नाही. रसायनाच्या ताटलीत पहिल्यांदा लॉटचे ठिपके वर आले, शेकडो, आणि उजव्या अंगाला खाली जागा कोरी राहिली.

पाण्याची जेल कोरी.

तिसऱ्या ताटलीत इतर काही दिसण्याआधी तीळ दिसला.

"लॉट घरच्या वाणाचा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे शेंबडं पोरही सांगेल."

"थांबा!" साहेबांचा आवाज चिरकला. "तो फ्लास्क खोटा आहे. घरचं वाण असूच शकत नाही! एक कुपी शिल्लक नव्हती. मी स्वतः उभा राहून सगळं जाळलंय!"

अध्यक्षबाईंनी एकेक मोजा उतरवला.

"सगळं?" अध्यक्षबाईंनी विचारले. "मग गेलं वर्षभर या नावाने काय टोचत होतात?"

साहेबांनी कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

धाकटी निर्दोष ठरली. साहेबांची चौकशी सुरू झाली, आणि ज्यांच्या गाठी फुटल्या होत्या त्या मुलांवर संस्थेच्या खर्चाने उपचार झाले. हे सगळे रीतसर झाले. फक्त त्या दिवशी व्हरांड्यात अध्यक्षबाईंनी थोरलीला थांबवले.

"आता खरं सांगा. तुम्ही ते वाचवलंत कुठे?"

थोरलीचे हात खिशात होते. खरे सांगितले तर फ्लास्क खोटा ठरणार होता. फ्लास्क खोटा, तर ताटलीतला पुरावा खोटा. आणि धाकटी पुन्हा वाटाणे सोलत बसणार होती.

"माझ्याकडे होतं," ती म्हणाली.

"शाबास. यापुढची लस त्याच्यावरच बनेल."

तेव्हाही तिला नको म्हणता आले असते. तिने म्हटले नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला साहेब पाठमोरे जाताना दिसत होते, आणि त्यांच्या पाठीवर एक सुरकुती नव्हती.

चाचण्या झाल्या. प्राण्यांत गाठ नाही, ताप नाही, वजन उत्तम. कागदोपत्री इतके सौम्य वाण कुणी पाहिले नव्हते. प्राणिगृहाचा माणूस तेवढा कुरकुरला. टोचलेले गिनीपिग खातात, पितात, पण पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून रांगेत उभे राहतात आणि हलत नाहीत, असे तो म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

नव्या लॉटचे टोचणे सुरू झाले तेव्हा एका सकाळी थोरली दवाखान्यात गेली. धाकटी कामात होती, गालांवर रंग परत आलेला. एका हाताने बाळाचा दंड ताणायचा, दुसऱ्या हाताने सुई आडवी; पांढरी फोड उठली की बाळ आईच्या हवाली. दालनात दोन बाकडी समोरासमोर होती. डावीकडे टोचायच्या राहिलेल्या मुलांच्या आया. उजवीकडे टोचून झालेल्यांच्या, कारण टोचल्यावर मुलाला थोडा वेळ नजरेखाली ठेवतात.

"बघ ना ताई," धाकटी हसून म्हणाली, "नव्या लॉटचं एकही बाळ रडत नाही. सुई टोचली की एकदम शांत."

डावीकडची मुले रडत होती, चोखत होती, दिव्याकडे, पंख्याकडे, कुठेही पाहत होती. थोरलीने उजवीकडे पाहिले.

तिथली मुले तिच्याकडे पाहत होती. सगळी.

सवयीप्रमाणे तिने पडताळा घेतला. खिडकीपासून दारापर्यंत चालत गेली. डाव्या बाकड्यावर काही बदलले नाही. उजव्या बाकड्यावरच्या नजरा तिच्याबरोबर दारापर्यंत आल्या. ती परत खिडकीपाशी गेली. त्या परत आल्या.

"चेहरे बघ कसे करतात," एक आई कौतुकाने म्हणाली. "म्हाताऱ्या माणसासारखे."

ते म्हातारे चेहरे नव्हते. थोरलीने ते चेहरे नीट, एकेक करून पाहिले. तान्ह्या मुलाला भूक लागते, दुखते, थंडी वाजते; राग येत नाही. राग यायला आधी काहीतरी आठवावे लागते.

"पुढचं बाळ," धाकटीने हाक मारली.

डाव्या बाकड्यावरून एक आई उठली. बाळ आडवे धरलेले, दोन हात घातल्याशिवाय उचलता न येण्याच्या वयाचे. सुई गेली. फोड उठली. रडणे मधेच थांबले. आईने त्याला खांद्यावर घेतले आणि मान लटकू नये म्हणून सवयीने तळहात मागे नेला.

तळहाताची गरज पडली नाही. बाळाने मान ताठ उचलली आणि ती खिडकीपाशी उभ्या असलेल्या थोरलीकडे वळवली.